अकरा व्होल्ट

टर्बाइनच्या खोलीत काटा दोनशे तीसवर असतो
आणि खाली, बारतांग नदीच्या वळणाला,
कुर्बोनमामदच्या घरात एकशे अठ्ठेचाळीस.
मधे दोन किलोमीटर ॲल्युमिनियमची तार
आणि एकतीस घरं.

गावच्या बैठकीत तो उभा राहिला:
"मधल्यांनी खाल्ली माझी वीज.
दिवा बघा माझा, पिकल्या जर्दाळूसारखा लाल.
पैसे मात्र मी पांढऱ्या उजेडाचे भरतो."
कुणी काही बोललं नाही.
खारट चहात लोणी विरघळत राहिलं.

टर्बाइन मी सांभाळते. संशय माझ्यावरही होताच.
म्हणून पिवळा मीटर गळ्यात अडकवला
आणि संध्याकाळी, शेगड्या लागल्यावर,
दारोदार निघाले.
सावसनकडे दोनशे सव्वीस.
शाळेत दोनशे नऊ.
गिरणीपाशी एकशे शहाऐंशी,
गिरणी थांबवायला सांगितली तेव्हा एकशे ब्याण्णव.
खांबागणिक थोडं थोडं कमी,
दमलेल्या माणसाचा आवाज
वाक्याच्या शेवटी बसत जावा तसं.
चोर कुठंच सापडला नाही.

त्याला म्हटलं, तारच घेते.
जाऊ देण्याची मजुरी.
जितकं जास्त मागाल, तितकी ती जास्त कापते.
तो म्हणाला, "म्हणजे मॉस्कोतला ठेकेदारच की!"

मग रात्री दोनला मी त्याचं दार वाजवलं.
गाव झोपलेलं, गिरणी गप्प, शेगड्या थंड.
भिंतीतल्या सॉकेटात मीटरची टोकं खुपसली.
दोनशे एकोणतीस.
म्हातारा आकड्याकडे बघत राहिला.
"म्हणजे कुणीच काही मागत नाही
तेव्हा सगळं माझ्या दारात येऊन उभं असतं?"
हो.
"आणि मी हात पुढे केला की?"
त्यानं शेगडी लावली. आकडा दोनशे सतरावर आला.
बंद केली. वर चढला.
पुन्हा लावली.
पुन्हा बंद.

उजाडलं. घरोघर चहा चढला.
तारेखालून परत येताना दिसलं:
सगळी तार दहिवरानं पांढरी,
आणि शेवटून तिसऱ्या खांबाजवळ वीतभर उघडी.
शिडी लावली. तिथं एक सांधा,
ॲल्युमिनियमला तांबं पिळून बांधलेलं,
काळं पडलेलं, तापलेलं.
मोजलं. एवढ्याशा जागेत अकरा व्होल्ट.

"शोनाझरनं बांधलाय तो," खालून आवाज आला.
"जायच्या आदल्या दिवशी."
शोनाझर त्याचा मुलगा. सहा वर्षं झाली.
आधी रोज फोन यायचा, मग शुक्रवारी, मग
नवरोजला.

मी पक्कड काढली होती.
"राहू दे. अकराच ना? जाऊ देत.
मी खिडकीशी बसून वाचेन."

नियमानं तोडायलाच हवा होता तो.
घरी येऊन वहीत लिहिलं: सांधा, तपासला.
त्यापुढं काय लिहावं, सुचेना.

भूगर्भवाल्यांच्या मोडक्या छावणीत
जुनी केबल पडून होती, गंजल्या रिळावर.
वसंतात चौघांनी ती वाहून आणली,
शेवटच्या घरापर्यंत
जुन्या तारेला समांतर ओढली,
टोकं टोकांना जोडली.
प्रवाहाला दुसरी वाट दिली की तो भांडत नाही.
सोपं असेल तिथून पुष्कळसा जातो.
अवघड असेल तिथूनही
थोडा जातोच.

आता शेवटच्या घरात एकशे सत्त्याऐंशी.
"अजून पिवळाच आहे," तो म्हणतो,
आणि पैसे देताना एक नाणं मागे ठेवतो.

परवा पहिली कडक थंडी पडली.
मी खांबाखाली पोचले तर तो आधीच उभा,
मान वर करून.
यंदा सांध्यावरही दहिवर बसलं होतं,
बाकीच्या तारेइतकंच पांढरं.
"गार पडला का गं?" त्यानं विचारलं.
नाही, म्हटलं. आहे, वाहतंय त्यातून.
थोडं.